वजन किती

फोनवरचा माणूस आधी नाव विचारत नाही.
वजन विचारतो.
मी म्हणाले, बासष्ट वर्षांची.
तो म्हणाला, वजन.
मला एवढंच आठवलं, की निघताना तिनं
कुतैसीच्या बसथांब्यावर मला उचलून घेतलं होतं,
अकरा वर्षांची घोडी मी,
लोक बघतात म्हणून पाय झाडत खाली उतरले.
मी तिला कधी उचललेलं नाही.

सतरा वर्षं ती बारी शहरात
दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ-माखू घालत होती
आणि शुक्रवारी झाझाच्या व्हॅनमधून खोकं यायचं.
तेल, कॉफी, शेवया,
कुणाच्या तरी सुनेला नको झालेला कोट.
ती गेली बुधवारी रात्री.
शुक्रवारी खोकं आलं, वेळेवर,
चिकटपट्टीखाली तिचा एक केस.

झाझालाच विचारलं आधी.
तो बराच वेळ गप्प, मागे बोटीचा भोंगा.
मग म्हणाला, ताई,
चीज चालतं, इन्सुलिन चालतं, एकदा कुत्रं आणलं.
हे नाही चालत. ह्याला जस्ताची पेटी लागते,
विमान लागतं, शिक्का लागतो.

शिक्का अडला एका अक्षरावर.
पासपोर्टवर नाझिब्रोला, दवाखान्याच्या दाखल्यावर नासिब्रोला.
आमच्यात नाझी म्हणजे नाजूक, ब्रोली म्हणजे स्फटिक,
आणि नासि म्हणजे काहीच नाही.
ह्या काहीच-नाहीला
नऊ दिवस थंड कप्प्यात ठेवलं त्यांनी,
वर भाडं लावलं.

गावानं वही काढली.
जुंबेरीकाका वीस लारी, बेकरीवाला तीस,
ज्याच्याशी वडील कुंपणावरून भांडले त्या मलखाजनं शंभर,
नाव लिहू नका म्हणाला. लिहिलं.
लामारा शेवटी आली. तीही चौदा वर्षं तिकडे होती.
तिच्या पाकिटात युरो होते, जुन्या रबरात बांधलेले.
"माझ्या पेटीचे ठेवले होते," म्हणाली,
"मी पायांनी आले. ऊठ, मोज."

त्याच रात्री बारीहून फोन.
सिन्योरा ओर्नेला, वय एक्याण्णव,
जिला लेकीनं चारदा सांगितलंय
आणि जी चारही वेळा विसरलीय.
ब्रोला, म्हणाली, पाणी गार होतंय.
सगळे म्हणतात माझा आवाज आईसारखा आहे.
आणि इटालियन मला खोक्यांवरूनच येतं:
मीठ, पीठ, नाजूक, उलटं ठेवू नका.
पण एक शब्द आईचा होता,
दर फोनच्या शेवटी, कधी येतेस विचारलं की.
दोमानी, मी म्हणाले. उद्या.
बरं, म्हणाली म्हातारी,
आणि स्वतःच नळ बंद केल्याचा आवाज आला.

विमानतळाच्या मालधक्क्यावर
टायरांच्या आणि औषधांच्या मध्ये ती होती.
नाव बरोबर लिहिलं होतं.
सही केली. पावती मिळाली:
एकशे एकतीस किलो, लाकूड आणि जस्त धरून.

झाझानं व्हॅनमधल्या सीटा काढून आणल्या होत्या.
पैसे म्हटल्यावर त्यानं रेडिओकडे हात नेला,
मग आठवून मागे घेतला.
चौघांनी पेटी चढवली. आमच्यात बायका उचलत नाहीत.
मी एका कोपऱ्याखाली हात घातला तेव्हा
कुणी काही बोललं नाही.

झेस्ताफोनीपर्यंत मी बोटांवर हिशेब करत राहिले.
लाकूड किती असेल, जस्त किती,
सतरा वर्षांत ती किती बारीक झाली असेल.
आकडा दर वेळी वेगळा येत होता.
हळू चालव, म्हणाले झाझाला.
तो आधीच हळू चालवत होता.